टू-व्हील ड्राइव्ह गाडीसाठी हिवाळी टायर : कोणते, किती, कुठे

नट_आवळा (धागाकर्ता)

आधी एक खुलासा. टू-व्हील ड्राइव्ह म्हणजे दुचाकी नव्हे. ज्या चारचाकीत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या चाकांना जाते ती.

दुसरा खुलासा भाषेचा. मराठीत आपण सगळ्यालाच 'बर्फ' म्हणतो आणि टायरांच्या चर्चेत निम्मा गोंधळ तिथेच होतो. या धाग्यापुरतं असं ठरवू : आकाशातून पडतो, दाबला तर गोळा होतो तो हिम. पाणी गोठून रस्त्यावर काचेसारखा बसतो तो बर्फ. मीठ टाकल्यावर किंवा ऊन पडल्यावर जो पातळ लगदा होतो ती राबडी. तिन्हींवर टायर वेगवेगळ्या पद्धतीने काम करतो.

हिवाळ्याच्या तोंडावर ठरलेला प्रश्न : "फोर-व्हील ड्राइव्ह नाही, निभेल का?" निघताना दोन चाकं ओढतात हे खरं, पण थांबताना चारही चाकांचे ब्रेक लागतात आणि वळताना आडवी पकडही चारही चाकं देतात. साधं गणित करा. ताशी ५० किमी वेग, प्रतिक्रियेचा वेळ सोडून नुसतं ब्रेकचं अंतर. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर १२ मीटर. दाबलेल्या हिमावर ०.२५ धरला तर ३९ मीटर. ओल्या बर्फावर ०.१ धरला तर ९८ मीटर. या तिन्ही आकड्यांत किती चाकांना इंजिनाची ओढ आहे हा प्रश्न येतच नाही.

ओढ कुठे मोजायची? चढावर. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढे असतं. त्याच दाबलेल्या हिमावर ती जेमतेम १४ टक्के चढ चढेल, म्हणजे १०० मीटरला १४ मीटर. मागची चाकं ओढणारी, वजन निम्मं-निम्मं असलेली गाडी १३ टक्के. (सपाटीवर फरक जास्त असतो. चढावर वजन मागे सरकतं म्हणून तो कमी होतो.) चारही चाकं ओढणारी २५ टक्के. म्हणजे रोजच्या रस्त्यावर १५ टक्क्यांचा, साफ न केलेला चढ असेल तर फोर-व्हील ड्राइव्हचा विचार करा. नसेल तर तोच खर्च चार चांगल्या टायरांवर करा, असं माझं मत. खोडून काढायचं असेल तर आकड्यांनी काढा.

शून्याखाली

खोडून काढत नाही, पुरवणी जोडतो. टायर निवडताना आधी रस्ता बघायचा, गाडी नंतर. ढोबळमानाने चार प्रकार आहेत.

पहिला, सौम्य हिवाळ्याचा, ज्याला आल्पाइन किंवा मध्य-युरोपीय म्हणतात. रस्ते मीठ टाकून साफ होतात, तापमान शून्याच्या अल्याडपल्याड, रस्ता बहुतेक वेळ ओला किंवा राबडीचा. या टायरला पाणी आणि राबडी बाहेर फेकणारे रुंद चर असतात आणि रबर मध्यम मऊ. वेगाची खूण (टायरला झेपणारा कमाल वेग, ताशी किमी) बहुधा एच (२१०) किंवा व्ही (२४०).

दुसरा, नॉर्डिक, बिनखिळ्यांचा. उणे १० आणि त्याखाली, आठवडेच्या आठवडे हिम दाबून रस्त्यावर थर बसलेला. रबर फारच मऊ, चरांमधल्या रबरी ठोकळ्यांवर अगदी बारीक, नागमोडी कापांची गर्दी. खूण क्यू (१६०), आर (१७०) किंवा टी (१९०). थंडी ओसरल्यावरच्या ओल्या रस्त्यावर हा टायर आल्पाइनपेक्षा उशिरा थांबतो आणि स्टिअरिंगला ढिला लागतो. तो दोष नाही, तो सौदा आहे.

तिसरा, खिळ्यांचा, म्हणजे नक्षीत धातूचे खिळे बसवलेला. चौथा, बारमाही पण हिमचिन्ह असलेला. वर्षातून मोजके दिवस हिम पडतं आणि दुपारपर्यंत रस्ता साफ होतो, तिथे तो चालतो. महिनाभर थर राहतो तिथे नाही.

उन्हाळी टायर मात्र यादीत कुठेच नाही. त्याचं रबर ७ अंशांच्या खाली ताठ होऊ लागतं. लोक चर खोल आहेत म्हणून समाधान मानतात, पण रस्त्याला चिकटणारं रबरच लाकडी झालं तर चर काय करणार?

साधा_वाचक

टायरच्या कडेवर 'एम+एस' लिहिलंय. विकणारा म्हणतो हाच हिवाळी. बरोबर का?

शून्याखाली

नाही. 'एम+एस' म्हणजे चिखल आणि हिम, पण ती खूण नक्षीच्या रचनेवरून मिळते. चर मोठे आणि मोकळे आहेत एवढंच ती सांगते. तिच्यासाठी हिमावर चाचणी करावी लागत नाही. बघायचं ते तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह. ते उत्तर अमेरिकेत १९९९ साली आलं आणि त्यासाठी टायर हिमावर तपासावा लागतो : मध्यम दाबलेल्या हिमावर ठरलेल्या संदर्भ-टायरपेक्षा निदान १० टक्के जास्त ओढ.

पण इथेही डोळे उघडे ठेवा. ती चाचणी हिमावरच्या ओढीची आहे. बर्फावर टायर किती धरतो, वळणावर कसा वागतो, हे तिच्यात नाही. म्हणून बारमाही टायर आणि नॉर्डिक टायर दोघांवर एकच चिन्ह दिसतं आणि बर्फावर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. युरोपात २०२१ पासूनच्या नव्या लेबलवर बर्फावरच्या पकडीचं वेगळं चिन्ह आलंय. ज्यांच्याकडे बर्फाचे रस्ते आहेत त्यांनी तेही शोधावं.

साधा_वाचक

धन्यवाद. गाडी पुढची चाकं ओढणारी आहे. मग दोनच घेऊन पुढे लावले तर? मागची चाकं नुसती मागून येतात.

रिमझिम

नाही, नाही, नाही. या विषयातली सर्वात धोकादायक काटकसर हीच.

काय होतं बघा. पुढे हिवाळी, मागे उन्हाळी. निघताना गाडी झकास निघते, पुढचं टोक वळतंही झकास, त्यामुळे वेग वाढतो. मग उतारावरच्या वळणात पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला किंवा ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात. तिथे आधीच ताठ रबर. शेपूट बाहेर येते आणि गाडी लट्टूसारखी फिरते. ईएसपी (घसरती गाडी सावरणारी संगणकी यंत्रणा) एखाददुसऱ्या चाकाला ब्रेक लावून सावरायला बघतं, पण ब्रेक लावायलाही त्या चाकाला पकड लागते. नसलेली पकड संगणक आणणार कुठून?

मागची चाकं ओढणाऱ्या गाडीला फक्त मागे लावले तर उलट. गाडी निघते, पण स्टिअरिंग फिरवलं तरी सरळच जाते आणि थांबायलाही वेळ घेते, कारण ब्रेकचं बहुतेक काम पुढची चाकं करतात.

चार म्हणजे चार. एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे, शक्यतो एकाच वयाचे.

नट_आवळा

याच्याच पोटातला मुद्दा : चार टायर कमी-जास्त झिजलेले असतील तर खोल नक्षीची जोडी मागे. पुढची ओढ असली तरी मागेच. पुढचं टोक घसरलं तर चालकाला स्टिअरिंगमधून कळतं आणि वेग कमी केला की सुधारतं. मागचं घसरलं तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते.

मागची_ओढ

तत्त्व मान्य, पण पुढची ओढ असलेल्या गाडीत पुढचे टायर दुप्पट वेगाने झिजतात. कायम खोल जोडी मागे ठेवत गेलात तर तिसऱ्या हिवाळ्यात पुढची जोडी ४ मिमीवर आणि मागची ७ वर. चढावर निघायची बोंब.

नट_आवळा

म्हणून फरक पडूच द्यायचा नाही. दर ८ ते १० हजार किमीला, किंवा सोयीचं म्हणजे दर हंगामात चाकं चढवतानाच, पुढची मागे आणि मागची पुढे करायची. फरक दीड-दोन मिमीच्या आत असताना अदलाबदल केली तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. फरक त्याहून वाढल्यावर मात्र खोल जोडी मागेच.

नवीन हिवाळी टायर साधारण ८ ते ९ मिमीचा असतो. कायद्याची किमान खोली बऱ्याच ठिकाणी १.६ मिमी, पण हिमासाठी ४ मिमीला तो संपला असं समजा. कारण हिमावरची पकड चरात हिम भरून दाबलं जाण्यातून येते. हिम हिमाला धरतं. चर उथळ झाला की भरायला जागाच नाही. शिवाय बारीक काप काही टायरांत तळापर्यंत जात नाहीत, अर्ध्या झिजेनंतर ठोकळा गुळगुळीत होतो. घेताना कापांची खोली बघून घ्या.

चक्रपाणी

साइझवर कोणी बोललं नाही. गाडीला मूळ २२५/४५ आर १७ (रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) असतील तर हिवाळ्यासाठी २०५/५५ आर १६ किंवा १९५/६५ आर १५ बसतात का बघा. बाहेरचा व्यास अनुक्रमे ६३४, ६३२ आणि ६३४.५ मिमी, म्हणजे स्पीडोमीटरला फरक जवळजवळ शून्य. तिन्हींत वजनाचा अंक ९१ (टायरमागे ६१५ किलो) मिळतो. अरुंद टायर हिमात चांगलाही. लहान रिम, उंच भिंत. खड्ड्यात आणि हिमाखाली लपलेल्या कठड्यावर रिम वाचते.

मात्र चार गोष्टी तपासल्याशिवाय रिम घेऊ नका. ब्रेकचं कॅलिपर (चकतीला चिमटा घेणारा भाग) आत मावतं का (१५ इंचीत बऱ्याचदा अडकतं). बोल्टचं वर्तुळ (बोल्ट किती आणि वर्तुळाचा व्यास किती मिमी) : ५×११२ आणि ५×११४.३ डोळ्यांना सारखे दिसतात, बसत मात्र नाहीत. मधल्या भोकाचा व्यास हबइतकाच (गाडीचा ज्या भागावर चाक बसतं तो) आहे का, मोठा असेल तर योग्य मापाची कडी घाला, नाहीतर चाक थरथरतं. आणि ऑफसेट, म्हणजे रिमची बैठक तिच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते. वजनाचा अंक मूळपेक्षा कमी कधीच नको. वेगाची खूण हिवाळी टायरला कमी चालते, पण मग तो वेग पाळायचा.

मागची_ओढ

अरुंद टायर हिमात चांगला हे ऐकून ऐकून गुळगुळीत झालंय. बर्फावर कुठे?

चक्रपाणी

बरोबर टोकलंत, मी सरसकट बोलायला नको होतं. अरुंद टायर खोल ताज्या हिमात आणि राबडीत बरा : समोर कमी लगदा ढकलावा लागतो, तोच भार कमी रुंदीवर पडतो, टायर खाली रुततो. गुळगुळीत बर्फावर रुंदीने फार फरक पडत नाही, तिथे रबर आणि काप ठरवतात. कोरड्या रस्त्यावर रुंद टायर थोडा लवकर थांबतो. म्हणून एक पायरी खाली उतरा, तीन नको.

खिळेठोक

खिळ्यांबद्दल अर्धवट माहिती फार फिरते, म्हणून सविस्तर लिहितो.

बर्फ सर्वात निसरडा कधी? कडाक्याच्या थंडीत नव्हे, शून्याच्या आसपास. तेव्हा वर पाण्याचा पापुद्रा असतो. उणे २० ला तोच बर्फ कोरडा आणि तुलनेने खरखरीत वागतो. खिळ्यांचा खरा फायदा ओल्या बर्फावर : दिवसा वितळतं, रात्री गोठतं, मीठ नाही. उणे २० ला बर्फ इतका कडक होतो की खिळे कमी रुततात आणि चांगला नॉर्डिक बिनखिळ्यांचा टायर त्यांच्या जवळ येतो. साफ डांबरावर खिळे तोट्याचे : थांबायला अंतर जास्त, आवाज, रस्त्याची धूळ.

वापराचे नियम थोडेच, पण मोडले तर खिळे उडतात. नवीन टायरवर पहिले ५०० किमी सौम्य चालवा, चाक फिरत ठेवून उकरू नका, जोराचा ब्रेक नको. खिळा रबरात तेव्हाच घट्ट बसतो. ज्या बाजूला फिरला त्याच बाजूला तो टायर कायम ठेवा, फिरण्याची दिशा उलटली की खिळे सैल होतात. वापरलेल्या टायरच्या भोकांत नंतर खिळे ठोकून घेऊ नका, भोकात खडी-माती गेलेली असते, खिळा तळाला बसत नाही. खिळ्यांचे आणि बिनखिळ्यांचे एका गाडीवर मिसळू नका, कारण वर रिमझिम यांनी सांगितलंय तेच.

अवांतर : पहिला हिवाळी टायर १९३४ साली फिनलंडमध्ये ट्रकसाठी तयार झाला. त्यामुळे "टू-व्हील ड्राइव्हला काय उपयोग" म्हणणाऱ्यांनी त्या काळचे ट्रक आठवावेत, ते मागच्या दोन चाकांवरच चालायचे.

सीमापार

खिळे घेण्याआधी कायदा बघा. जर्मनीत ते सर्वसाधारणपणे बंद आहेत, स्वीडनमध्ये हंगामात चालतात. बाकी नियमही जागोजागी वेगळे. जर्मनीत तारखा नाहीत, रस्ता हिवाळी झाला की हिवाळी टायर हवेत आणि ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं 'एम+एस' धरत नाहीत. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, हिवाळी परिस्थितीत, किमान ४ मिमी. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च, तेही हिवाळी रस्ता असेल तर, ३ मिमी. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च, रस्ता कसाही असो. सीमा ओलांडणार असाल तर दोन्हीकडचं पाहा.

रिमझिम

हवेबद्दल. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. उबदार गॅरेजमध्ये २० अंशांना ३३ पीएसआय भरलेत आणि गाडी बाहेर उणे २० ला रात्रभर उभी राहिली तर सकाळी साडेसव्वीस मिळतील. कुठेही गळती नाही, नुसतं भौतिकशास्त्र. म्हणून हवा बाहेर, गाडी चालवण्याआधी मोजा. आतच भरावी लागली तर आत-बाहेरच्या फरकाच्या हिशेबाने जास्त भरा. पायाभूत आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीतला, टायरच्या कडेवर लिहिलेला नव्हे. तो कमाल असतो.

हिमात हवा कमी केली की पकड वाढते हा वाळूतला नियम इकडे आणू नका. कमी हवेत नक्षीचा मधला भाग उचलला जातो, भार कडांवर जातो, ठोकळे मुडपतात आणि काप मिटतात. व्हॉल्व्हच्या टोप्या लावायला विसरू नका. आत पाणी शिरून गोठलं की व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हवा निघून जाते.

चक्रपाणी

चाकं घरी बदलणाऱ्यांसाठी, क्रमाने.

सपाट, कडक जागा, हँडब्रेक, तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड किंवा ठोकळ्याची ओट. नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, मग जॅक, तोही गाडीच्या पट्टीवर दाखवलेल्या जागीच. चाक निघालं की हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने घासा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला की नट आवळलेले वाटतात आणि तो भुगा झाला की ढिले पडतात. सुटणाऱ्या चाकांमागे बहुतेकदा हेच असतं. मधल्या गोल कडीवर ग्रीसचा पुसट हात चालेल. नट-बोल्टच्या आट्यांना मात्र तेल नको : तोच आकडा लावूनही बोल्ट नेमल्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो.

बाण असलेला टायर बाणाच्या दिशेने, 'आऊटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर. नट हाताने चार-पाच आटे फिरवून मगच पाना. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. आकडा पुस्तिकेतला : लहान गाड्यांना साधारण ८० ते ११०, मध्यम गाड्यांना ११० ते १४० न्यूटन-मीटर. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा. लोखंडी आणि अलॉय रिमचे नट वेगळे असू शकतात : एकाची बैठक शंकूसारखी, दुसऱ्याची गोल, बोल्टची लांबीही वेगळी. चुकीचा बोल्ट लागल्यासारखा वाटतो, पण धरत नाही.

हवेच्या दाबाचा दिवा पेटला तर घाबरू नका. चाकात सेन्सर असतील तर नव्या संचाची ओळख करून द्यावी लागते, एबीएसवरून (ब्रेक लावताना चाकं जखडू न देणारी यंत्रणा) मोजत असेल तर बटण दाबून नव्याने शिकवावी लागते.

मागची_ओढ

मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांचं वेगळं. रिकाम्या पिकअपला मागे वजनच नसतं. ६० ते १०० किलो वाळूच्या गोण्या, बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर, बांधून. अगदी टोकाला ठेवल्या तर पुढचं टोक उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. न बांधलेली गोणी धडकेच्या वेळी पुढे येते. वाळू अडकलेल्या चाकाखाली टाकायलाही उपयोगी पडते.

दुसरं, इंजिन ब्रेकिंग. निसरड्या उतारावर फटकन खालचा गिअर टाकला की मागची चाकं अडखळतात, हँडब्रेक ओढल्यासारखं होतं. मागची ओढ असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांत पाय उचलल्यावर होणारी रिजनची (मोटरनेच वेग कमी करून बॅटरी भरण्याची) अडवणूक नेमकी हीच, म्हणून बर्फावर रिजन कमीत कमी ठेवा. त्या गाड्या जड असतात, टायर घेताना वजनाचा अंक नीट बघा.

साधा_वाचक

हिवाळी टायर असतील तर साखळ्या लागतात का? आणि कुठे लावायच्या?

खिळेठोक

डोंगराळ रस्त्यावर फलकच अनिवार्य करतो, म्हणून डिकीत असाव्यात. लावायच्या ओढणाऱ्या चाकांना : पुढची ओढ असेल तर पुढे, मागची असेल तर मागे. पुढे लावल्या असतील तर वर सांगितलेलं शेपटीचं संकट इथेही आहे, उतारावर फार हळू. कमाल वेग बहुधा ५० किमी. लावल्यावर दोन-तीनशे मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा ताणा, नाहीतर ढिली साखळी ब्रेकचा पाइप तोडते. काही गाड्यांत ठरावीक साइझलाच साखळी चालते, पुस्तिका बघा. लहान रिम घेण्याचं हेही एक कारण. साफ डांबर लागलं की लगेच काढा. आणि घरी, कोरड्यात, एकदा लावून बघा. बोटं बधिर झाल्यावर गाठ उलगडत नाही.

साधा_वाचक

वापरलेला संच मिळतोय, ६ मिमी नक्षी. घ्यावा?

शून्याखाली

खोली ठीक आहे, वय बघा. कडेवर 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक : ३६२३ म्हणजे २०२३ चा ३६ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा असेल तर नको, रबर कडक झालेलं असतं, नक्षी कितीही दिसो. ठोकळ्याला नख रुतवून बघा, चारही टायरांचे अंक वाचा (तीन एका वयाचे आणि एक वेगळा, हे नेहमीचं), आतल्या कडेची झीज हात घालून तपासा आणि काप उघडे आहेत का बघा. उन्हाळाभर चालवलेल्या हिवाळी टायरचे ठोकळे एका बाजूने करवतीसारखे झिजलेले असतात.

रिमझिम

घेतलात तर अजून एक. खोल हिमातून आल्यावर ताशी ६० च्या पुढे गाडी थरथरायला लागली तर लगेच बॅलन्सिंगला धावू नका. रिमच्या आतल्या बाजूला हिमाचा गोळा चिकटून गोठलेला असतो. ब्रशच्या दांड्याने पाडा, थरथर जाते.

साधा_वाचक

अंक वाचले. तीन २२१९, एक ४१२२. सोडला.